आपल्या गल्लीतील बाग : सिवान महिन्यात काय लावावे, काय थांबवावे

लाग बाओमेरच्या शेकोट्या विझल्या की आमच्या बीर शेवातील इमारतीच्या जिन्यात दरवर्षी एक चिठ्ठी लागते. शुक्रवारी सकाळी सर्वांनी यावे, टोपी आणि पाण्याची बाटली आणावी, गिना केहिलातीत, म्हणजे शेजाऱ्यांची सामायिक बाग, साफ करायची आहे. खाली मतनासच्या मुलीचे नाव असते. चिठ्ठी हिब्रूत असते, अक्षरे बारीक असतात, आणि आपली वडीलधारी मंडळी ती वाचून पुढे जातात. कोणी म्हणते, आता गुडघे कुठे चालतात? कोणी म्हणते, हे तरुणांचे काम. पण त्याच मंडळींच्या मिरपेसेतमध्ये पाहा. तेलाच्या डब्यात कढीपत्ता, फुटक्या बादलीत हळद, जुन्या टबात अळू. ज्यांच्या हाताला गुण आहे तेच वर बसतात, आणि ज्यांनी कधी भेंडीचे बी पाहिलेले नाही ते खाली खणतात. म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट मनात नीट बसवून घेतली पाहिजे. आपली पंचांगे उलटी आहेत. माझे बालपण अलिबागजवळ नागावला गेले. तिथे मे महिना म्हणजे तयारीचा महिना. रोहिणीत धूळवाफेवर भात पेरायचे, वाडीतली आळी खणून शेण घालून ठेवायची, आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागला की रोप जमिनीत टाकून मोकळे व्हायचे. पुढचे चार महिने पाणी घालायचे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. त्या किनाऱ्यावर वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बीर शेवाला सुमारे २००, तोही हेशवान ते अदार या महिन्यांत. सिवानपासून एलुलपर्यंत आकाशातून थेंब पडत नाही. म्हणजे जे दिवस आपल्या हाडांत 'लावणीचे दिवस' म्हणून बसले आहेत, ते इथे झाडाच्या परीक्षेचे दिवस आहेत. मी १९६४ साली आलो, तरी अजून जून महिना आला की नकळत हात मातीकडे जातो. ही सवय मोडायला मला फार वर्षे लागली, आणि त्यात बरीच झाडे मेली.

तीन वर्षांपूर्वीची हकीकत सांगतो. एका मोठ्या कंपनीचे लोक शावुओतच्या आधीच्या आठवड्यात आमच्या बागेत 'स्वयंसेवेचा दिवस' करायला आले. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पांढरे बनियन, ट्रकभर रोपे, गाणी, आईस्क्रीम. दोन तासांत त्यांनी जवळजवळ साठ झाडे लावली. डाळिंब, लिंबू, जांभूळसुद्धा एक होते, ते कुठून आणले देव जाणे. माणसे मनाची चांगली होती, मुलांनी घाम गाळला, फोटो काढले. पण पाण्याचा नळ कुठे आहे हे कोणी विचारले नाही. तो नळ कुलपात होता आणि किल्ली ज्या कचेरीत होती तिथले साहेब रजेवर होते. आम्ही चौथ्या-पाचव्या मजल्यावरून बादल्या आणल्या. आठ दिवस आणल्या. मग शारव आला, तीन दिवस गरम वारा, आणि नंतर आमच्यातली दोन माणसे आजारी पडली. तामूझ संपेपर्यंत चार झाडे उरली होती. लोक म्हणाले, इथली माती वाईट. माती वाईट नव्हती. तारीख वाईट होती.

म्हणून माझे मत असे की उन्हाळ्याच्या तोंडाशी होणाऱ्या सामुदायिक कामात मोठी झाडे लावूच नयेत. ती कामे तिशरीच्या सणांनंतर पहिला पाऊस झाला की करावीत, किंवा तू बिश्वातला. सिवानच्या शुक्रवारी चार कामे करण्यासारखी असतात: नळ्या तपासणे, मातीवर आच्छादन घालणे, सावलीचा मांडव बांधणे आणि उन्हाळ्यात खरोखर वाढणाऱ्या भाज्या पेरणे. यात फोटो चांगले येत नाहीत हे कबूल.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळे त्यावरच आहे. नागाव-चौलच्या वाड्यांत रहाटाचे गाडगे विहिरीतून पाणी काढी, ते पाटाने माडाच्या आळ्यात जाई, आणि आळे भरले की बाबा फावड्याने पाट वळवत. मातीला पाणी दिसले पाहिजे, अशी आपली समजूत. इथे उलट आहे. आमच्या शहराबाहेर थोड्या अंतरावर किबुत्स हात्सेरीम आहे. तिथे १९६५ साली नेताफीम कंपनी निघाली आणि ठिबकाच्या नळ्या, ज्यांना इथे ताफतेफोत म्हणतात, त्या जगभर गेल्या. ही कल्पना सिमहा ब्लास या पाण्याच्या इंजिनियरची. असे सांगतात की एका गळक्या नळीजवळचे झाड बाकीच्या झाडांपेक्षा फार मोठे झालेले त्याने पाहिले आणि त्यावरून त्याला ती सुचली. आज महाराष्ट्रातही द्राक्ष आणि केळीच्या बागांत ठिबक आहे, आपल्या भाच्या-पुतण्यांना विचारा.

हिशेब सोपा आहे. दहा मीटर नळी घ्या. दर ३० सेंटिमीटरवर एक ठिबक, म्हणजे तेहतीस. प्रत्येकातून तासाला दोन लिटर. एका तासात ६६ लिटर पाणी, म्हणजे सहा-सात बादल्या, आणि ते सगळे मुळाशी. तेच पाणी होजपाइपने उडवले तर अर्धे पानांवर आणि वाटेवर जाते. वर पेंढा, वाळकी पाने किंवा पुठ्ठा चार बोटे जाड अंथरला की माती दुसऱ्या दिवशीही ओलसर राहते. बोट घालून पाहावे. वरून कोरडी, आत ओली असेल तर पाणी देऊ नये. पहिल्या वर्षी आपली माणसे मुद्दाम पेंढा बाजूला सारून पाणी घालत. माती उघडी नसली तर त्यांना चैन पडत नसे.

बागेजवळ जांभळ्या रंगाची नळी दिसली तर तिला हात लावू नये. या देशात जांभळी नळी म्हणजे सांडपाणी शुद्ध करून बागांना दिलेले पाणी. हिरवळीला ते चालते, भाजीला आणि पिण्याला नाही.

आता पेरायचे काय? भेंडी प्रथम. इथे तिला बामिया म्हणतात आणि इराकी, मोरोक्कन, अरब सगळेच खातात, त्यामुळे भांडण होत नाही. गरम मातीत चार-सहा दिवसांत उगवते, पन्नास-साठ दिवसांत तोडायला येते. दर दुसऱ्या दिवशी तोडावी लागते, नाहीतर काठी होते. दुधी, दोडका, कारले, पडवळ हे वेल उन्हाळ्यात जोमाने धावतात, फक्त मांडव हवा. लाल माठ आणि तांदुळजा तर इतके सोपे की नातवंडांकडून पेरून घ्यावेत. तीन आठवड्यांत ताटात भाजी दिसली की मुलाला बागेची गोडी लागते. मिरची लावावी. सब्जा अवश्य लावावा. मलिद्याच्या ताटाजवळ सुवासाच्या ब्राखासाठी आमची आई सब्ज्याची डहाळी ठेवत असे. इथे त्याच जातीच्या तुळशीला रेहान म्हणतात आणि बाजारात ती स्वस्त मिळते. पण आपल्या हाताने तोडलेली डहाळी घेऊन गेलो तर मशिदीत सगळ्यांची नजर तिच्याकडे जाते, हे मी पाहिले आहे. हळदीचे कंद अजून लावता येतील, जागा मात्र अर्धी सावलीची हवी. हळदीची पाने असली की पातोळे झालेच. अळूला सावली आणि भरपूर पाणी लागते. अरब शेजारी त्याच्या कंदाला कुलकास म्हणतात आणि मांसाबरोबर शिजवतात. आपण पाने खातो. एकाच वाफ्यातून दोघांचे भागते.

मेथी आणि कोथिंबीर आता पेरू नये. दरवर्षी कोणीतरी पेरते, दरवर्षी ती हातभर न वाढता फुलावर जाते, आणि दरवर्षी बी वाईट होते असा निकाल लागतो. उन्हात तिचा स्वभावच तो. सुक्कोतनंतर पेरा, पोत्याने काढा.

कढीपत्त्याविषयी मला जरा कडक बोलावे लागेल. भारतात जाऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण ओल्या रुमालात गुंडाळून कढीपत्त्याचे रोप बॅगेतून आणतात. परवानगीशिवाय रोपे, फांद्या, बी देशात आणणे कायद्याने मना आहे. कोणी म्हणेल, एका रोपाने काय होते? कढीपत्ता आणि संत्रे-लिंबू ही एकाच कुळातली झाडे आहेत. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा एक रोग आहे, त्यात पाने पिवळी पडतात, फळ वेडेवाकडे व हिरवे राहते, आणि त्याला औषध नाही. भारतात तो आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तो २००५ साली सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागांची धूळधाण झाली. तो रोग पसरवणारा बारीक किडा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर आवडीने राहतो. आपल्या फोडणीसाठी या देशातली बाग संकटात घालू नये. इथल्या रोपवाटिकेतून 'आले कारी' म्हणून रोप घ्या, किंवा शेजारच्या निरोगी झाडाच्या मुळाशी फुटलेला फुटवा मागा. आमच्या गल्लीतली सगळी झाडे एका आजींच्या एकाच झाडाची लेकरे आहेत.

आता धर्माची बाजू. दरवर्षी पेसाह आणि शावुओत यांच्या मधल्या शब्बाथांपैकी एकाला बहुधा पाराशा केदोशीम वाचतात. वायिक्राचा १९वा अध्याय उघडून शांतपणे वाचा. शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडावा, वेगवेगळ्या जातींचे बी मिसळून पेरू नये, नव्या झाडाचे फळ पहिली तीन वर्षे खाऊ नये, आणि पांढऱ्या केसांपुढे उठून उभे राहावे, हे सगळे त्या एकाच अध्यायात आहे. शेवटची आज्ञा बसमध्ये पुढच्या आसनांच्या वर लिहिलेली असते, म्हणून ती सगळ्यांना पाठ. बाकीच्या बागेत लागतात.

ओर्ला, म्हणजे तीन वर्षांचा नियम, यात मोजणीचा एक बारकावा आहे. झाडाचे वर्ष तिशरीला बदलते. रोश हशानाच्या आधी सुमारे दीड महिना, म्हणजे तू बेआवपर्यंत, झाड जमिनीत गेले असेल तर तेवढे दिवसच त्याचे पहिले वर्ष धरतात. म्हणून काही हिशेबी लोक सिवान-तामूझमध्ये घाईने झाडे लावतात. एक वर्ष वाचते, हे खरे. पण मेलेल्या झाडाची ओर्ला मोजून काय करायचे? थांबावे असे मला वाटते. ज्यांना थांबायचे नाही त्यांनी एकच झाड लावावे आणि त्याला ठिबक जोडूनच घरी जावे. चौथ्या वर्षीच्या फळाचाही वेगळा नियम आहे, तो रब्बींना विचारावा. पपईबद्दलही त्यांनाच विचारा. केळ्याला मात्र ओर्ला नाही. त्यावर आपण जमिनीच्या फळाची ब्राखा म्हणतो, झाडाच्या फळाची नाही.

किलायीम, म्हणजे मिसळ, याची चूक आमच्याकडून होता होता राहिली. बागेत मांडव एकच, त्यावर द्राक्षाचा वेल. आमच्या एका नानांनी मांडव रिकामा दिसला म्हणून त्याच्या पायथ्याशी दुधी पेरला. द्राक्षाच्या बाबतीत हा नियम आणखी कडक आहे. मोरोक्कोहून आलेले आमचे शेजारी रोज तिफिल्लाला जाणारे आहेत, त्यांनी पाहिले आणि आवाज चढला. नानांचा आवाजही काही लहान नाही. शेवटी दुधीचे रोप उपटून पलीकडे नवा मांडव बांधला, आणि तो बांधायला तेच शेजारी लोखंडी सळया घेऊन आले. भाज्यांचे वाफेही वेगवेगळे ठेवावेत, मध्ये वाट सोडावी. घरी नेलेल्या भाजीतून तेरुमा आणि मासेर काढायची पद्धत मशिदीत विचारून घ्यावी. आणि पुढचे शमिता वर्ष ५७८९ आहे, म्हणजे २०२८च्या सप्टेंबरपासून. फळझाडे लावायची असतील तर त्याच्या बरीच आधी.

म्हाताऱ्यांनी बागेत नेमके काय करावे, हा मूळ प्रश्न. खणू नये. खणायला बागरूतची मुले आहेत. दहावी ते बारावीच्या मुलांना समाजसेवेचे तास भरायचे असतात, त्यांना काम हवेच असते. पण २० जूनला मोठ्या शाळा बंद होतात, ३० जूनला लहान मुलांच्या, आणि मुले समुद्रावर जातात. बाग मरते ती जुलै आणि ऑगस्टमध्ये. तेव्हा गावात राहतो तो आपणच. म्हणून पाण्याची किल्ली आणि घड्याळ, ज्याला इथे माहशेव हश्काया म्हणतात, ही आपल्या माणसांच्या हाती असली पाहिजेत. घड्याळाची बॅटरी संपली हे मुलांच्या लक्षात येत नाही, रोज सकाळी सहा वाजता फेरी मारणाऱ्याच्या येते. आमच्याकडे पाळी आहे, प्रत्येकाचा एक वार. शब्बाथला कोणाची पाळी नाही, घड्याळ आदल्या दिवशी लावून ठेवतो. कागद फ्रिजवर चिकटवला आहे, मराठीत.

काही गोष्टी प्रकृतीसाठी. सकाळी आठच्या आत घरी यावे, नाहीतर संध्याकाळी सहानंतर जावे. शारवच्या दिवशी अजिबात जाऊ नये, झाडापेक्षा आपण महाग. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट पाहू नये. कमरेएवढे उंच वाफे इरियाकडून मागून घ्यावेत, फळ्यांचेही होतात. स्टूलवर बसून रोपे विरळ करता येतात, बी निवडता येते. कुंडीखालच्या ताटल्या आणि उघडी पिंपे आठवड्यातून एकदा ओतून कोरडी करावीत. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण एक आठवडा लागतो, आणि उन्हाळ्यात या देशात डासांमुळे पश्चिम नाईलचा ताप येतो, तो वयस्कर माणसांना जास्त त्रास देतो.

आता वालाची गोष्ट. बिरड्याचा सण, म्हणजे तिशा बेआव, आपल्याकडे मोड आलेल्या वालाच्या बिरड्याशिवाय होत नाही. आमच्या इमारतीतल्या एक आजी, वय नव्वदीच्या पुढे, त्यांनी भारतीय दुकानातून आणलेले वाल सिवानात बागेच्या कुंपणाशी पेरले. आवपर्यंत शेंगा येतील असा त्यांचा हिशेब. वेल असा वाढला की पहिल्या मजल्याच्या खिडकीत शिरला, पण फूल नाही. पाणी फुकट जाते म्हणून कोणी कुरकुर केली, कोणी तोडायला निघाले. आजी म्हणायच्या, थांबा. वालाचा धर्म असा की पुष्कळ जातींना दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फूल येत नाही. म्हणून तर कोकणात भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल टाकतात. आजींना हे ठाऊक होते, फक्त इथला महिना कोणता हे विसरल्या होत्या. तिशरी उलटल्यावर जांभळी फुले आली. तोवर आजींना मुलाने अश्दोदला आपल्याकडे नेले होते. त्यांना आता पुष्कळसे आठवत नाही, हिब्रू तर पार गेली. किसलेवमध्ये त्याच मोरोक्कन शेजाऱ्यांनी वाळलेल्या शेंगा पिशवीत भरून मला आणून दिल्या आणि विचारले, हा कसला फूल? तुमच्या बाईंचे आहेत, तुम्हीच पोचवा. मी बसने घेऊन गेलो. आजींनी शेंग नखाने उकलली, दाणा दातावर आपटून पाहिला आणि सुनेला मराठीत सांगितले, भिजत घालू नको, आवपर्यंत ठेव, राखेत ठेव. सुनेला मराठी येत नाही. मी सांगितले. राख कुठून आणायची, तिने विचारले. बरणीत ठेवले.

तेव्हा या वर्षी वाल सिवानात पेरायचे नाहीत. एलुलच्या मध्यावर पेरू, थंडीच्या आत शेंगा वाळतील आणि पुढच्या तिशा बेआवला बिरडे घरच्या वालाचे होईल. बी थोडेच आहे. शुक्रवारी सकाळी येणाऱ्यांना मूठ मूठ देईन. येताना जुनी वर्तमानपत्रे आणि पुठ्ठा आणा, आच्छादनाला लागतो. खुर्च्या खाली ठेवलेल्या आहेत.